लिफ्टमन गेला आणि पाटी आली

भिवंडीला आग नवी नाही, पण ती आडवी आहे. सूत, ग्रे कापड, चिंधी, पुठ्ठा, प्लॅस्टिक, रसायनांचे पिंप असं सगळं पोटात घेऊन बसलेली गोदामं पेटली की आग लांबीरुंदीत धावते, आणि ठाण्या-कल्याणहून बंब येईपर्यंत शेजारचा गाळाही धरते. इमारतीची भीती इथे वेगळीच होती, कोसळण्याची. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर बसली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. तीन मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्टचा प्रश्नच नव्हता.

आता ठाण्याच्या बाजूने गाव उभं वाढतंय. काल्हेर, कशेळी, अंजूरफाटा, मानकोली या पट्ट्यात यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या पत्र्यांमागून वीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर डोकं काढतात. ताबा घेताना कुटुंब वास्तू बघतं, पाणी बघतं, पार्किंगवरून वाद घालतं. लिफ्टच्या दाराशेजारी लावलेली पाटी मात्र कुणी वाचत नाही, कारण ती सगळ्यांना पाठ असते: आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये, जिन्याचा वापर करावा. लिफ्ट आली तेव्हापासून ही पाटी असणार, असंच आपण धरून चालतो.

तसं नाही. पाटी लिफ्टपेक्षा शंभरएक वर्षांनी धाकटी आहे. एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात उंच फळीवर उभं राहून दोर कापायला लावला आणि फळी खाली न येता जागीच अडकली, ती गोष्ट १८५४ ची. माणसांची पहिली लिफ्ट १८५७ मध्ये त्याच शहरातल्या एका पाच मजली दुकानात बसली. तिथून पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षं आगीत लिफ्ट वापरू नका, असं ठणकावून सांगणारा नियम नव्हता. आग लागली की लोक लिफ्टकडे धावत, आणि कित्येकदा वाचतही.

यातली सर्वांत मोठी हकिकत कापडाच्या धंद्यातलीच आहे. भिवंडीत ती फारशी समजावून सांगावी लागू नये. २५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी होण्याची वेळ. न्यूयॉर्कच्या दहा मजली अॅश इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. आठव्या मजल्यावर कापणीच्या टेबलांखाली पेट्यांत कतरण साठली होती, आणि आग तिथूनच उठली. नवव्या मजल्यावर एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं, कारण सुटताना मुलींच्या पिशव्या तपासायच्या तर सगळ्यांनी एकाच दाराने जायला हवं, असा मालकांचा हिशेब. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकून कोसळला. बंबांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या.

उरल्या लिफ्ट. जोसेफ झिटो आणि त्याचा जोडीदार, दोघेही लिफ्टमन, आपापली लिफ्ट पुन्हापुन्हा वर नेत राहिले. डब्यात दहा-बारा माणसांची सोय, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या दुप्पट मुली कोंबलेल्या. शेवटी उष्णतेने रूळ वाकले आणि वरून उड्या मारलेल्यांच्या भाराने डबे हलेनासे झाले, तेव्हाच खेपा थांबल्या. १४६ जण मेले. जे वाचले त्यांतले शंभराहून अधिक या दोघांच्या खेपांमुळे वाचले असं मानलं जातं. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत दारांचे, जिन्यांचे, कवायतींचे, पाण्याच्या फवाऱ्यांचे कायदे झाले. लिफ्टला कुणी दोष दिला नाही.

तशीच गोष्ट त्रेसष्ट वर्षांनी ब्राझीलमध्ये घडली. १ फेब्रुवारी १९७४ रोजी साओ पाउलोच्या पंचवीस मजली ज्योएल्मा इमारतीत बाराव्या मजल्यावर एअर कंडिशनरमध्ये बिघाड होऊन आग लागली. जिना एकच, आणि तोही थोड्याच वेळात धुराने भरला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. पण सुरुवातीच्या मिनिटांत लिफ्टचालकांनी खेपा करून सुमारे तीनशे लोकांना खाली आणलं. कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, हे डब्यात उभा असलेला माणूस ठरवत होता.

नेमका हाच माणूस तोवर बऱ्याच इमारतींतून नाहीसा झाला होता. बटणांची स्वयंचलित लिफ्ट आली आणि लिफ्टमनचा पगार वाचला. मुंबईत फोर्टातल्या एखाद्या जुन्या इमारतीत स्टुलावर बसून जाळीचं दार ओढणारा लिफ्टमन अजून भेटतो, पण बाकी शहरांत हे काम यंत्राकडे गेलं. यंत्र हाकेला इमानदार असतं. ज्या मजल्यावरून हाक येईल तिथे जातं आणि दार उघडतं. हाक कशाने आली, हे त्याला कळत नाही.

५ ऑगस्ट १९७० रोजी न्यूयॉर्कच्या वन न्यूयॉर्क प्लाझा या पन्नास मजली इमारतीत याचा अर्थ उघड झाला. आग तेहतिसाव्या मजल्यावर होती. त्या काळात बोटाच्या उबेने लागणारी बटणं नवलाईची होती. आगीच्या उष्णतेने ती आपोआप लागली आणि त्यांनी लिफ्टला बोलावलं. वरच्या मजल्याकडे निघालेला डबा तेहतिसाव्यावर थांबला, दार उघडलं आणि दोघे दगावले. लिफ्ट बिघडली नव्हती. तिने सांगितलेलं काम चोख केलं होतं, आणि म्हणूनच अग्निशमनवाल्यांना तिची धास्ती बसली.

धास्तीला आणखी कारणं होती. लिफ्टचा बोगदा तळापासून गच्चीपर्यंत सरळ मोकळा असतो, त्यामुळे तो धुराचं धुरांडं होतो. डबा वरखाली करताना तो धूर ढकलतो आणि ओढून घेतो. बंबाचं पाणी जिन्यावरून लॉबीत आणि तिथून बोगद्यात शिरलं की विजेच्या जोडण्या जातात. माणूस मध्ये आला का, हे पाहणारा दारातला प्रकाशकिरण धुरालाही माणूस समजतो, मग दार मिटतच नाही. १९८० मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग खालच्या मजल्यांवर होती, पण ८५ मृतांपैकी बरेचसे वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. तो धूर वर नेणाऱ्या वाटांत लिफ्टचे बोगदेही होते.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या लिफ्ट-संहितेत नवा नियम आला. धुराचा इशारा मिळाला की सगळ्या लिफ्ट मधल्या हाकांकडे दुर्लक्ष करून तळमजल्यावर परताव्यात आणि दार उघडून उभ्या राहाव्यात. पुढे त्या फक्त अग्निशमन दलाच्या किल्लीने चालाव्यात. पाटी हे या नियमाचं भावंड. लिफ्ट स्वतःहून तुमच्याकडे येणारच नाही, तेव्हा तिची वाट पाहू नका, एवढाच तिचा मूळ मुद्दा होता. पाटी जगभर पसरली तेव्हा मुद्दा मागे राहिला आणि धाक तेवढा पुढे आला.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये निघाली आणि २०१६ मध्ये तिची ताजी आवृत्ती आली. तिच्या अग्निसुरक्षेच्या भागात लिफ्टबद्दल जे लिहिलं आहे ते बारकाईने वाचण्याजोगं आहे. जाळीचं घडीचं दार चालणार नाही, दार भरीव आणि किमान तासभर आग थोपवणारं हवं. बोगद्याच्या भिंती दोन तास टिकल्या पाहिजेत. बंबाचं पाणी बोगद्यात जाऊ नये म्हणून लॉबीच्या फरशीला उतार हवा. उंच इमारतीत एक ‘फायर लिफ्ट’ हवी, निदान आठ माणसांची, तळापासून शेवटच्या मजल्यावर एका मिनिटात पोचणारी, वीज गेली तर आपोआप दुसऱ्या पुरवठ्यावर जाणारी. तिच्या दारावर प्रत्येक मजल्यावर ‘फायर लिफ्ट’ ही अक्षरं चमकत्या रंगात रंगवलेली असावीत.

आणि पाटी? संहितेनुसार लिफ्टजवळ असं लिहायचं की आगीच्या वेळी रहिवाशांनी जिना वापरावा, वेगळी सूचना मिळाली नसेल तर. हे शेवटचं शेपूट पाटी रंगवणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी छाटून टाकलं आहे. त्यात एका माणसाची जागा राखून ठेवली होती, सूचना देणाऱ्याची.

लिफ्टचा वनवास संपायला सुरुवात झाली ती व्हीलचेअरवाल्यांमुळे. जिना वापरा, हे ज्याला जिना उतरता येतो त्यालाच सांगता येतं. ब्रिटनने १९८८ मध्ये अपंगांच्या सुटकेसाठी मानक काढलं आणि त्यात सुटकेसाठीच्या लिफ्टला जागा दिली. १९९६ मध्ये हिरोशिमातल्या एका वीस मजली वसाहतीत नवव्या मजल्यावरची आग गॅलऱ्यांतून वरपर्यंत चढली. नंतर संशोधकांनी रहिवाशांना विचारलं, तेव्हा सुमारे निम्मे लिफ्टने उतरल्याचं कळलं. पाटी असूनही लोकांनी सवयीची वाट धरली होती.

११ सप्टेंबर २००१ ने वाद मिटवला. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यानंतर दक्षिण मनोऱ्यावर दुसरं आदळेपर्यंत सोळा मिनिटं गेली. तेवढ्यात दक्षिण मनोऱ्यातले सुमारे तीन हजार लोक खाली उतरून वाचले, कारण तिथल्या लिफ्ट तेव्हा चालू होत्या. उत्तर मनोऱ्यात लिफ्ट बंद पडल्या होत्या. तिथे एकोणसत्तराव्या मजल्यावरचे जॉन अब्रुझो व्हीलचेअरवर होते. दहा सहकाऱ्यांनी त्यांना जिन्यासाठीच्या घसरत्या खुर्चीत बसवून खाली आणलं, तर दीड तास लागला. मनोरा कोसळण्याच्या थोडंच आधी ते बाहेर पडले.

२००९ च्या अमेरिकी इमारत संहितेने अतिउंच इमारतींत जादा जिन्याऐवजी रहिवाशांच्या सुटकेची लिफ्ट चालेल असं मान्य केलं. दुबईच्या बुर्ज खलिफात काही लिफ्ट अशा सुटकेसाठी सज्ज ठेवल्या आहेत. लंडनने २०२१ च्या आराखड्यात जिथे लिफ्ट आहे तिथे निदान एक सुटकेची लिफ्ट मागितली. त्यामागे २०१७ चा ग्रेनफेल टॉवर होता. ७२ जीव घेणाऱ्या त्या आगीत लिफ्टचा ताबा घेणारी कळच चालली नाही. अग्निशमन दल आत होतं, पण लिफ्ट कुणाच्याच हातात नव्हती.

महाराष्ट्र या यादीत मागे नाही, हे ऐकून भिवंडीकरांना नवल वाटेल. राज्याच्या ऊर्जा विभागाने २०१८ मध्ये ७० मीटरहून उंच इमारतींसाठी ‘फायर इव्हॅक्युएशन लिफ्ट’ आणली. ७० मीटर म्हणजे साधारण तेवीस मजले. मुंबईत ही उंची जुनी झाली आहे. तिथल्या दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, तरी जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीत वरच्या मजल्यावर लागलेल्या आगीत माणसं धुराने गेलीच. शिडीला रस्ता लागतो, उभं राहायला जागा लागते, वेळ लागतो. भिवंडीच्या अरुंद रस्त्यांवर या तिन्हींची टंचाई आहे.

पण लिफ्टवरही सगळी मदार टाकून भागणार नाही. आठ माणसांचा डबा, वरून खाली येऊन पुन्हा वर जायला चढउतारासकट तीन मिनिटं धरली, तर तासाला एकशेसाठ माणसं. पंचवीस मजल्यांच्या टॉवरची वस्ती याहून कितीतरी जास्त. तेव्हा ही लिफ्ट आजीसाठी, बाळंतिणीसाठी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांसाठी. बाकीच्यांनी जिनाच उतरायचा, आणि त्यांनी तो उतरला तरच लिफ्ट या तिघांना मिळेल.

अडचण यंत्रात नाही, देखभालीत आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा ठीक असल्याचा ‘बी फॉर्म’ घ्यायचा असतो. लिफ्टची तपासणी मात्र विद्युत निरीक्षकाकडे. फायर लिफ्ट ही आगीची बाब की विजेची? दोन खात्यांच्या मध्ये ती उभी असते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन्हींकडचा कागद मिळाला की काम झालं असं वाटतं. दरम्यान जनरेटरमधलं डिझेल तळाशी गेलेलं असतं, धूर अडवणाऱ्या लॉबीचं दार वारा यावा म्हणून पाचर मारून उघडं ठेवलेलं असतं, आणि लॉबीत सायकली, चपलांचे रॅक आणि एखादं जुनं कपाट येऊन बसलेलं असतं. अशा इमारतीत जुनी पाटी अगदी खरी ठरते. तिथे लिफ्ट वापरूच नये.

बहुतेक इमारतींत, विशेषतः भिवंडीच्या तळमजला अधिक चार-पाचच्या जुन्या बांधकामांत आणि यंत्रमागाच्या गाळ्यांतल्या मालाच्या लिफ्टमध्ये, ती खरी आहेच. तिथे दोन तास टिकणारी भिंत नाही, वेगळी वीज नाही, लॉबी नाही. प्रश्न नव्या टॉवरचा आहे, जिथे शेजारीशेजारी दोन लिफ्ट असतात. एक रोजची, दुसरी सुटकेची, आणि दोन्हींशेजारी एकच पाटी.

झिटोच्या लिफ्टमध्ये आणि काल्हेरच्या नव्या लिफ्टमध्ये मोठा फरक पोलादाचा नाही. तिथे लिफ्टमन होता, इथे तळमजल्यावरच्या छोट्या काचेच्या पेटीत एक कळ आहे. ती फिरवली की लिफ्ट मजल्यांवरच्या हाका ऐकणं सोडते आणि डब्यातल्या माणसाचंच ऐकते. बंब पोचेपर्यंत ती फिरवणार कोण, हे सोसायटीला आधी ठरवावं लागतं. रात्रपाळीचा वॉचमन एजन्सी दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. नव्याला गेटची नोंदवही कशी लिहायची ते पहिल्या दिवशी शिकवतात, कुणाची गाडी कुठे लावायची तेही. पेटीची काच कशी फोडायची आणि कळ कुठल्या बाजूला फिरवायची, हे त्याच यादीत लिहायला अर्धी ओळ पुरते.