पन्नाशीची रेघ

दौंड जंक्शनवरून रुळांच्या दोन वाटा आमच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. एक पुण्यावरून मुंबईला, म्हणजे परळच्या टाटा रुग्णालयाकडे जाते. दुसरी कुर्डुवाडीवरून बार्शीला, तेथील कर्करोग रुग्णालयाकडे. कामगार संघटनेच्या कामात आजारी सभासदांना घेऊन या दोन्ही वाटांनी आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. त्यांतला एक प्रवास मात्र अजून मनातून जात नाही.

शिरूर तालुक्यातील एक कंत्राटी कामगार, वय अडतीस. दीड वर्ष त्याच्या शौचावाटे रक्त जात होते. 'मूळव्याध असेल, तिखट सोड,' असे त्याला सर्वांनी सांगितले. त्या सर्वांत आम्हीही होतो. रजा घेतली तर रोज बुडतो, म्हणून तोही गप्प राहिला. परळला पोचलो तेव्हा मोठ्या आतड्यातील गाठ पसरलेली होती. बाहेरच्या बाकावर त्याच्या पत्नीने आम्हांस विचारले, "दादा, हा तर म्हाताऱ्या माणसांचा रोग ना?" तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचून जे समजले ते आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. परंतु रोग किती, कोणाला आणि कोणत्या वयात होतो हे समजण्यास नुसते रुग्णालय पुरत नाही. त्यास वस्तीची नोंदवही लागते. तशी नोंदवही डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. खेड्यांची नोंदवही १९८७ मध्ये बार्शीस सुरू झाली. या नोंदींतून असे दिसले की आपल्याकडे तोंडाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग फार, आणि आतड्याचा पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी. म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने तिशीवरील लोकांच्या तपासणीची योजना आखली ती तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तिहींपुरती. आतडे तीत नाही.

तपासणीने जीव वाचतात काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून हजारो स्त्रियांची गर्भाशयमुखाची विषाणू-तपासणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकदाच केलेल्या तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

आतड्याची गोष्ट परदेशात घडली. गाठीतून रक्त झिरपते, ते डोळ्यांना दिसत नाही, पण मलाच्या तपासणीत सापडते. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. शिन्या व डॉ. वुल्फ यांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या नळीतून आतड्यातील गाठ काढून दाखविली. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील प्रयोगाने सिद्ध केले की दरवर्षी मलातील रक्त तपासले तर या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्या प्रयोगात घेतलेली माणसे होती पन्नास ते ऐंशी वर्षांची. पन्नाशीची रेघ अशा प्रयोगांतून पक्की झाली. ती निसर्गाने ओढलेली नव्हे. जपानने १९९२ मध्येच चाळिशीपासून तपासणी सुरू केली होती. तरुणांत रोग वाढताना दिसला तेव्हा अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळांनीही २०१८ व २०२१ मध्ये आपली रेघ पंचेचाळिसावर आणली.

आता टाटा रुग्णालयाचा हिशेब पाहा. २०१३-१४ च्या एका वर्षात तेथे आलेल्या या रोगाच्या ८०० रुग्णांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते आणि निम्म्याहून अधिक जणांची तक्रार रक्ताचीच होती. आपला देशच तरुण, म्हणून ही सरासरी काही अंशी खाली येते, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. चाळणी लावायची ती ज्याला काही त्रास नाही त्याला. तिला वयाची रेघ लागते. ज्याला रक्त दिसते, शौचाची सवय बदलते, वजन विनाकारण उतरते, त्याला वयाची अट नाही. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगावे, शेजाऱ्याने नव्हे. आईबापांना वा भावंडांना हा रोग झाला असेल, तर त्रास नसतानाही लवकर विचारावे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा चाळिशीवरील कामगारांस वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी जाहीर झाली. ती पदरात पाडून घेणे हे आपले काम आहे. पण आमचा माणूस अडतीसचा होता. त्याला हवा होता रोज न बुडता मिळणारा एक दिवस, आणि लाज न वाटता बोलता येईल असा एक माणूस.

तो आज नाही. आम्ही आता वर्गणीची पावती फाडताना प्रत्येकाला विचारतो, "शौचातून रक्त जाते का रे?" पोरे हसतात. एखादा हसत नाही. त्याला आम्ही त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जातो.