युद्धकालीन लढाऊ विमानांच्या रचनाबद्ध हवाई कसरती : एक ऐतिहासिक आकलन

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने इंग्लंडमधील डक्सफर्ड येथील हवाई प्रदर्शनांत आजही एकमेकांच्या अगदी निकट राहून उडताना दिसतात. प्रेक्षक या दृश्याकडे युद्धस्मृतीचे प्रत्यक्ष दर्शन म्हणून पाहतात. तथापि इतिहासाच्या कसोटीवर ते तपासले असता एक विसंगती आढळते : ज्या निकट रचनेला आज टाळ्या मिळतात, ती युद्धानेच त्याज्य ठरविली होती.

इ. स. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ तुकड्या प्रायः तीन विमानांच्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या निकट रचनेत उडत. शांततेच्या काळातील संचलनांत शोभणारी ही पद्धत लढाईत घातक ठरली. टक्कर टाळण्यासाठी दोन्ही बाजूंच्या वैमानिकांची दृष्टी नेत्याच्या विमानावर खिळलेली असे. मग मागून येणारा शत्रू पाहणार कोण? जर्मनांनी, विशेषतः वेर्नर म्योल्डर्स याने, स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) विरळ रचना विकसित केली होती. पसरलेल्या हाताच्या चार बोटांच्या टोकांप्रमाणे चार विमाने अंतर राखून उडत आणि परस्परांची पाठ सांभाळीत. मोठी हानी सोसल्यावर ब्रिटिशांनीही हळूहळू तीच स्वीकारली.

म्हणूनच आजच्या निकट रचनेचे मूळ रणांगणात नव्हे, तर शांतताकालीन प्रदर्शन-पथकांत शोधावे लागते. रे हॅना यांची कारकीर्द याचा उत्तम पुरावा होय. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅना १९६६ पासून ‘रेड ॲरोज’ या ब्रिटिश हवाई दलाच्या जेट विमानांच्या पथकाचे नेते होते. पुढे त्यांनी पुत्र मार्क यांच्यासह ‘ओल्ड फ्लाइंग मशीन कंपनी’ उभारली. या शतकाच्या आरंभी या संस्थेच्या पथकात स्पिटफायर, मस्टँग, किटीहॉक आणि कॉर्सेअर अशी चार भिन्न जातींची विमाने एकत्र कसरती करीत. जेट पथकात सर्व विमाने एकाच जातीची असतात. येथे वजन, इंजिन, वेग सारेच निराळे. उभ्या गिरकीच्या माथ्यावर वेग घटतो, तेव्हा नेत्याने स्वतःच्या विमानाची पूर्ण शक्ती वापरली तर दुबळे विमान मागे पडते. त्यामुळे सर्वांत कमी राखीव शक्ती असलेल्या सोबत्याच्या मर्यादेतच त्याला कसरत बांधावी लागते. हे कौशल्य अस्सल आहे. मात्र ते १९४० चे नाही.

याचा अर्थ ही उड्डाणे इतिहासदृष्ट्या निरर्थक आहेत, असा नव्हे. हॅना यांचे ‘एमएच ४३४’ हे स्पिटफायर १९४३ मध्ये प्रत्यक्ष लढले होते. त्याच्या इंजिनाचा नाद आणि वळणातील चपळता संग्रहालयातील स्थिर विमानातून कळू शकत नाही. परंतु या ज्ञानाचे मूल्य जबर असते. सप्टेंबर १९९९ मध्ये स्पेनमध्ये, मेसरश्मिट १०९ ची तेथेच बांधलेली आवृत्ती उडवीत असता झालेल्या अपघातात मार्क हॅना यांचा अंत झाला. रे हॅना यांनी त्यानंतरही स्पिटफायर उडविणे सोडले नाही. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.