शिट्टी नेमकी कोण वाजवतंय?

होम थिएटरमधून मधूनच येणारी बारीक शिट्टी ज्याने कधी शोधली आहे, त्याला हा छळ माहीत असेल. आवाज सतत येत असेल तर सोपं असतं. केबल बदला, दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, एकेक डबा बंद करा, चोर सापडतोच. पण मधूनच येणारा आवाज म्हणजे इंटरमिटंट बग! दुरुस्तीवाला आला की नेमका गप्प बसणार.

मला माहीत असलेली अशा शोधाची सगळ्यात लांबलेली केस पहिल्या महायुद्धात उघडली आणि १९५३ मध्ये बंद झाली. पस्तीसेक वर्षं तिकीट ओपन!

झालं असं, की जर्मन सैन्याला शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकायचे होते. काम होतं हाइनरिख बार्कहाउझेन या भौतिकशास्त्रज्ञाकडे. आघाडीवरच्या फोनला बऱ्याचदा एकच तार असायची, परतीचा प्रवाह जमिनीतून जायचा. मग जमिनीत काहीशे मीटर अंतरावर दोन धातूचे खुंटे ठोकायचे, मध्ये नवाकोरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा आणि कानाला हेडफोन लावायचा. अर्थिंगचा घोळ असला की आपला स्पीकर गुणगुणतो ना, तसलंच प्रकरण. फरक इतकाच, की इथे जमिनीतून येणारी गळती हाच माल होता.

तर त्या हेडफोनमध्ये बोलण्याबरोबर शिट्ट्याही यायच्या. अगदी बारीक, उंच पट्टीत सुरू होऊन सेकंदाभरात खाली घसरत जाणाऱ्या. सैनिक म्हणायचे, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. काही दिवस एकही नाही, आणि काही दिवस इतक्या की शत्रूचं बोलणं ऐकणंच अशक्य. बार्कहाउझेनने आधी अर्थातच स्वतःच्या यंत्रावर संशय घेतला. पण प्रयोगशाळेत काही केल्या शिट्टी निघेना. रिप्रोड्यूस होत नाही, म्हणजे काय डोकेदुखी असते ते आपल्याला सांगायला नको. पण पठ्ठ्याने ‘नॉट अ बग’ असा शिक्का मारून फाईल मिटवली नाही. १९१९ मध्ये उत्तर हाती नसताना त्याने ते निरीक्षण छापून टाकलं. (त्याच निबंधात त्याने लोखंडाचं चुंबकीकरण होताना येणारी खरखरही नोंदवली. त्याचं नाव आज मुख्यतः तिच्यामुळे घेतात.)

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही शिट्टी हवेतून येणारा ध्वनी नाही. ती रेडिओलहर आहे, पण तिची वारंवारता काही किलोहर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्याच टप्प्यातली. त्यामुळे रेडिओ सेटची गरज नाही. लांब तार आणि अ‍ॅम्प्लिफायर असला की झालं. मग आपल्या घरी का ऐकू येत नाही? कारण शहरात विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची पिल्लावळ वरपर्यंत पसरलेली असते, तिच्याखाली बिचारी गाडली जाते.

पुढचा धागा मार्कोनी कंपनीतल्या टी. एल. एकर्स्ले याने १९२०-३० च्या दशकांत ओढला. वीज कडाडते तेव्हा एका क्षणात सगळ्या वारंवारता एकदम सुटतात. हेडफोनमध्ये नुसतं ‘टक्’ ऐकू येतं. पण हाच टक् पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतभारित वायूतून गेला, तर उंच स्वर पुढे पळतात आणि खालचे रेंगाळतात. लागणारा वेळ वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. ४ किलोहर्ट्झला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ १ किलोहर्ट्झला लागतो. मॅरेथॉनमध्ये सगळे एकत्र सुटतात आणि अंतर वाढेल तसे पांगतात, तसंच. म्हणजे शिट्टी जितकी लांब, तितका प्रवास मोठा. पण सेकंदभर पांगायला मैदान हवं ना? काहीशे किलोमीटर उंचीच्या आयनोस्फिअरमध्ये तेवढी जागा कुठे होती?

हे कोडं सोडवलं ओवेन स्टोरी याने, तेही केंब्रिजमध्ये पीएचडी करताना. त्याने शिट्ट्या रेकॉर्ड करून दोन गठ्ठे केले. काहींच्या आधी ‘टक्’ ऐकू येतं, काहींच्या आधी येत नाही. आणि टक् असलेल्या शिट्ट्या जवळपास दुप्पट पांगलेल्या निघाल्या. बस्स! मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर भाग वाटतो. लॉगमध्ये एररच्या आधीची ओळ बघावी, तसं.

अर्थ असा. टक् ऐकू आला म्हणजे वीज जवळ, आपल्याच गोलार्धात पडली. तिची लहर चुंबकीय रेषेवरून वर गेली, दक्षिण गोलार्धात उतरली, तिथून परावर्तित होऊन परत आली. प्रवास दुहेरी. टक् नाही म्हणजे वीज पलीकडे पडली, प्रवास एकेरी. इंग्लंडच्या बाबतीत हे ‘पलीकडे’ म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा समुद्र! आणि वाटेत ही रेषा पृथ्वीपासून कित्येक हजार किलोमीटर वर जाते.

पण मग त्या उंचीवर दर घन सेंटीमीटरमध्ये काहीशे इलेक्ट्रॉन असायला हवेत, आणि तिथे तर जवळपास पोकळीच असणार असं तेव्हाचे लोक धरून चालले होते. १९५३ साल लक्षात घ्या. स्पुटनिकला अजून चार वर्षं होती, वर जाऊन मोजायला काहीच नव्हतं. तिकडे स्टॅनफर्डच्या रॉबर्ट हेलिवेल यांनाही विद्यार्थ्याने शिट्ट्यांबद्दल सांगितलं तेव्हा यंत्रात काहीतरी गडबड आहे असंच आधी वाटलं होतं. स्वतः ऐकल्यावर मात्र त्यांनी पुढची सगळी कारकीर्द यात घातली.

पुरावा १९५५ मध्ये आला. अलास्कातलं उनालास्का आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन, ही साधारण एकाच चुंबकीय रेषेची दोन टोकं. दोन्हीकडे एकाच वेळी रेकॉर्डिंग केलं, आणि एका टोकाच्या शिट्टीची जोडीदारीण दुसऱ्या टोकाला सापडली.

भारतात या शिट्ट्या गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसीला पकडल्या गेल्या आहेत. पुढे अलाहाबादलाही, आणि ते काम पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्राचं. आपल्या अक्षांशांवर चुंबकीय रेषा फार उंच जात नाहीत, म्हणून इथल्या शिट्ट्या आखूड.

१९६३ मध्ये डॉन कार्पेंटर याने याच शिट्ट्या मोजून दाखवलं, की पृथ्वीच्या केंद्रापासून चारेक त्रिज्यांवर ही इलेक्ट्रॉनची दाटी एकदम कोसळते, जणू कडाच. आणि १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेलं, तेव्हा त्याच्या अँटेनावरही तशाच घसरत्या शिट्ट्या आल्या. म्हणजे गुरूवरही विजा पडतात. त्याच भेटीत गुरूच्या अंधाऱ्या बाजूच्या फोटोत विजांचे ठिपकेही दिसले.