माहिती-वहनाच्या वेगाची एकके व त्यांचे रूपांतर : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मोजमापाच्या एककांचा इतिहास हा सामाजिक व्यवहाराच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे. एकक बदलले की दोन एककांमधील रूपांतराचा प्रश्न उभा राहतो. हे रूपांतर ज्याला अवगत असते तो व्यवहारात सावध राहतो. ज्याला अवगत नसते तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. निजामी राजवटीचा वारसा असलेल्या धाराशिव, अर्थात पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याने नाणी, वजने आणि मापे यांबाबत हा अनुभव घेतला आहे. एकविसाव्या शतकात तोच प्रश्न माहिती-वहनाच्या वेगाच्या संदर्भात पुन्हा निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) माहिती-वहनाच्या वेगाच्या एककांचा उगम व विकास पाहणे.
२) जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत स्तरासाठी ठरलेल्या वेगांचा अर्थ स्पष्ट करणे.
३) एककांच्या रूपांतराविषयीच्या अज्ञानाचे व्यावहारिक परिणाम तपासणे.

रूपांतराची पूर्वपरंपरा :

हैदराबाद संस्थानात हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास 'कलदार' म्हणत. १९४८ च्या विलीनीकरणानंतर भारतीय रुपया संस्थानात आला तेव्हा सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर होता. शंभर भारतीय रुपयांचे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली होत. असा हिशेब तोंडी करू शकणारा माणूस बाजारात सहसा फसत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती सुरू झाली. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर शेर जाऊन किलोग्रॅम आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३.१० ग्रॅम हे प्रमाण निश्चित झाले. या स्थित्यंतराचे वैशिष्ट्य असे की नव्या मापाबरोबर रूपांतराचे अधिकृत प्रमाणही शासनाने जाहीर केले होते.

बॉड, बिट आणि बाइट :

विद्युत्-संदेशवहनाचा वेग प्रारंभी 'प्रतिमिनिट शब्द' या परिमाणात मोजला जाई. फ्रेंच अभियंता एमिल बोदो याने १८७४ मध्ये पाच घटकांच्या संकेतावर आधारित तारयंत्रणेचे एकस्व घेतले. 'बॉड' हे एकक त्याच्याच नावावरून रूढ झाले. एका सेकंदात तारेवर किती वेळा संकेत बदलू शकतो, याचे ते माप होय. पन्नास बॉडच्या टेलिप्रिंटरवर एका अक्षरास साडेसात संकेत-घटक लागत. म्हणजे मिनिटाला चारशे अक्षरे, अर्थात सुमारे ६६ शब्द जात.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचा गणिती सिद्धान्त मांडला व 'बिट' ही संज्ञा रूढ केली. या शब्दाचे श्रेय त्यांनी जॉन टुकी यांना दिले. 'बाइट' हा शब्द वर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये योजला. पुढे १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालेमुळे आठ बिटांचा बाइट प्रस्थापित झाला. येथून दोन परंपरा वेगळ्या झाल्या. संदेशवहनाचे अभियंते बिट मोजत राहिले व संगणकाचे अभियंते बाइट मोजू लागले. पहिल्यांचा 'किलो' हजाराचा, तर दुसऱ्यांचा बहुधा १०२४ चा. हा घोळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या पटींसाठी 'किबी', 'मेबी' ही वेगळी उपपदे मान्य केली. परंतु सामान्य व्यवहारात ती फारशी रुळली नाहीत.

बॉड व बिट यांतही फरक आहे. एका संकेतात चार बिट सामावले तर २४०० बॉडची जोडणी प्रतिसेकंद ९६०० बिट वाहते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा प्रारंभीच्या दूरध्वनी-जोडणीचा वेग हाच, म्हणजे ९.६ केबीपीएस होता.

जिल्हा ते ग्रामपंचायत :

१९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेट या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये जोडण्यास सुरुवात केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगास 'ब्रॉडबँड' म्हटले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस व २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, २००४ ची मर्यादा माहिती उतरवून घेण्याच्या वेगाची होती, पाठवण्याच्या वेगाची नव्हे.

केंद्र शासनाने २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेत तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएस क्षमता अपेक्षित होती. दूरध्वनीच्या तंत्रात एका संभाषणास ६४ केबीपीएस लागतात व अशा ३२ वाहिन्या मिळून २.०४८ एमबीपीएसचा एक जोड होतो. ही प्रचलित 'दोन एमबीपीएस' जोडणी टेलिफोनच्या युगाचा वारसा होय. पुढे २०११ मध्ये मंजूर झालेल्या व 'भारतनेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने प्रत्येक ग्रामपंचायतीस १०० एमबीपीएसचे उद्दिष्ट ठेवले.

सातबाराच्या उताऱ्याची फाइल २०० किलोबाइटची आहे असे मानू. आठाने गुणल्यास ती १६०० किलोबिट होते. तिला ९.६ केबीपीएस वेगाने सुमारे दोन मिनिटे सत्तेचाळीस सेकंद, २५६ केबीपीएसने सव्वासहा सेकंद आणि २ एमबीपीएसने ०.८ सेकंद लागतात. मात्र २ एमबीपीएसच्या एकाच जोडणीवर दहा संगणक एकाच वेळी काम करीत असतील, तर तीच फाइल प्रत्येकास आठ सेकंदांनी मिळेल. हे हिशेब आदर्श स्थितीचे आहेत. प्रत्यक्षात नियंत्रणासाठीच्या जादा बिटांमुळे वेळ वाढतो.

गैरसमज कसा होतो, हे मोठ्या फाइलवरून अधिक स्पष्ट होते. संगणक १०२४ च्या हिशेबाने १०० मेगाबाइट दाखवतो, तेव्हा ती फाइल सुमारे ८३९ मेगाबिटची असते. २ एमबीपीएसवर 'शंभर भागिले दोन' असा सरळ हिशेब करणाऱ्यास पन्नास सेकंदांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात सात मिनिटे लागतात.

देवनागरीचा भार :

मराठी वापरकर्त्यास या रूपांतरात आणखी एक पायरी आहे. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास एक बाइट पुरत असे. आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यास तीन बाइट लागतात. 'उस्मानाबाद' या नावात काना, हलन्त यांसह दहा चिन्हे आहेत, म्हणजे २४० बिट. 'धाराशिव' या नावात सात, म्हणजे १६८ बिट. रोमन लिपीत दोन्ही नावे नऊ अक्षरांची, अर्थात प्रत्येकी ७२ बिटांची होतात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा देवनागरी अभिलेखांतील हा भार किंचित हलका झाला, रोमन अभिलेखांत मात्र तसाच राहिला. अर्थात चित्रफितींच्या तुलनेत मजकुराचा भार नगण्य आहे. परंतु मंद जोडणीच्या काळात तो दुर्लक्षणीय नव्हता.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, हाली-कलदार वा शेर-किलोग्रॅम यांच्या रूपांतराचा दर ज्याप्रमाणे सर्वज्ञात करण्यात आला, त्याप्रमाणे बिट व बाइट यांचा संबंध सामान्य नागरिकापर्यंत पोहोचलेला नाही. जोडणी बिटांत विकली जाते आणि फाइल बाइटांत दिसते. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा आणि जमिनीचा अभिलेख ही कामे ऑनलाइन होत असताना, अखेरच्या दिवशी अर्ज पोहोचेल की नाही हे या रूपांतरावर अवलंबून असू शकते. महाविद्यालयांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जोडणीचा करार करताना घोषित आकड्यास आठाने भागणे, वापरणाऱ्या संगणकांची संख्या विचारात घेणे आणि माहिती पाठवण्याचा वेग स्वतंत्रपणे विचारणे अगत्याचे आहे. हा हिशेब विद्यार्थ्यास शिकवणे हे कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास सहज शक्य आहे.