हरण्याची सोय नसलेले खेळ

'गॉन होम' २०१३ साली आला तेव्हा समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि खेळाडूंमधल्या एका गटाने त्याला खेळ म्हणायलाच नकार दिला. जून १९९५, वादळी रात्र, परदेशातून परतलेली मुलगी आणि ऑरेगनमधले तिच्या कुटुंबाचे रिकामे घर. दारे उघडायची, खण धुंडाळायचे, चिठ्ठ्या वाचायच्या. शत्रू नाही, गुण नाहीत, मरण नाही आणि दोन-तीन तासांत सारे आटोपते. अशा कृतींना 'वॉकिंग सिम्युलेटर' हे नाव पडले, तेही हेटाळणीनेच.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी 'हाफ-रिअल' (२००५) या ग्रंथात खेळाची व्याख्या बांधली आहे. नियम हवेत, वेगवेगळे निकाल शक्य हवेत, काही निकाल इतरांहून चांगले मानलेले हवेत, आणि निकाल आपल्या बाजूने वळवायला खेळाडूने धडपडले पाहिजे. 'गॉन होम'चा शेवट एकच. तेव्हा तो या कसोटीवर उतरत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी यूल वाचलेले असोत वा नसोत, त्यांच्या मनातली व्याख्या जवळपास हीच असते.

पण तिच्यात अव्याप्तीचा दोष आहे. सापशिडीत खेळाडू काय धडपडतो? फासा सांगेल तितकी घरे सोंगटी सरकते. अक्कल, कसब, निवड यांना तिथे जागाच नाही. १९८९चा 'सिमसिटी' जिंकता येत नाही, तरी तो गेमच्या फळीवरून कुणी खाली उतरवला नाही. गंमत अशी, की निव्वळ नशिबाचे खेळ आणि 'सिमसिटी'सारखी अंतहीन अनुकरणे यांना स्वतः यूल यांनीच सीमेवर बसवले आहे. व्याख्याकार सावध होता; पहारा बसवला तो अनुयायांनी. त्याआधी १९५८ साली फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी खेळांचे चार वर्ग केले, त्यांत स्पर्धा हा फक्त एक होता. दुसरा वर्ग सोंग घेण्याचा, म्हणजे आपल्या भातुकलीचा. भातुकलीत आजवर कुणी हरलेले नाही.

लांबीचा मुद्दा तर सोडूनच देऊ. बुलेट बुद्धिबळाचा डाव दोन मिनिटांत संपतो.

यावर प्रतिपक्ष उलट अतिव्याप्तीचा आरोप करतो: हे खेळ, तर मग सिनेमाही खेळ का नाही? प्रश्न रास्त आहे. माझी कसोटी अशी: खेळणाऱ्याचा हात काढून घेतला तर कृतीचा अर्थ शाबूत राहतो का?

'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' (२०१७) मधला माशांच्या कारखान्याचा प्रसंग घ्या. लुइस मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. एका हाताने आपण मासा उचलून पात्याखाली धरतो, पुढे ढकलतो, पुन्हा दुसरा. त्याच वेळी दुसऱ्या हाताने लुइसच्या मनातल्या राज्यात त्याला चालवतो. हे राज्य पडदा व्यापत जाते आणि मासे कापणारा हात आपल्या नकळत कामच करत राहतो. यंत्रवत काम आणि भरकटलेले मन यांची फारकत सिनेमा दाखवू शकतो. इथे ती आपल्याच दोन हातांत घडते. यूट्यूबवर हा प्रसंग पाहणाऱ्याला कथा कळते, पण ही फारकत त्याच्या वाट्याला येत नाही. मेलबर्नमध्ये तयार झालेल्या अर्ध्या तासाच्या 'फ्लॉरेन्स'मध्ये (२०१८) क्रिश या भारतीय वंशाच्या तरुणाशी बोलताना शब्दांऐवजी चित्रकोड्याचे तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. भांडणात त्यांना टोके फुटतात.

'गॉन होम'मध्ये हाताचे हे काम बुद्धीने करायचे असते. परतलेल्या मुलीचे वडील कादंबरीकार, केनेडींची हत्या टाळण्यासाठी भूतकाळात जाणारा नायक ते पुन्हा पुन्हा रंगवतात. हत्या १९६३ची. तळघरात त्यांच्या लहानपणीच्या उंचीच्या खुणा आहेत, त्याही १९६३ला थांबतात. त्या साली या घरात काय घडले हे कुणीच सांगत नाही. ते जोडायचे खेळणाऱ्याने, आणि न जोडताही शेवट गाठता येतो. निकाल एकच असला, तरी खेळ चांगला किंवा वाईट खेळता येतो तो असा.

या कसोटीवर काही कृती गळतीलही. नुसते 'पुढे' दाबत पाने उलटायची असतील, तर त्याला सचित्र कथा म्हणावे. 'डिअर एस्थर' मला कुंपणावरचा वाटतो. २००८ साली पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेक यांनी 'हाफ-लाइफ २'च्या यंत्रणेवर, संशोधनाचा भाग म्हणून तो केला. बेटावर चालणे आणि निवेदन ऐकणे, इतकेच. पण निवेदनाचे तुकडे दर वेळी वेगळे निवडले जातात, म्हणून मी त्याला आत घेतो, जरा कुरकुरतच.

ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने २०१८ साली सर्वोत्तम गेमचा पुरस्कार 'एडिथ फिंच'ला दिला, तेव्हा हा वाद मिटायला हरकत नव्हती. तो मिटला नाही, आणि त्याची झळ खिशाला लागते. स्टीम या दुकानात खरेदीपासून दोन आठवड्यांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे सहसा परत मिळतात. छोटा गेम तेवढ्या वेळात पुरा होतो, आणि 'हा खेळच नव्हे' ही सबब तयार असते. गेम आवडला नाही तर खुशाल तसे लिहा. पण शेवट पाहून झाल्यावर पैसे परत मागू नका.