सेल्फ, अर्थ आणि तारायंत्र : गाडीतील विद्युतदोष शोधण्याच्या विद्येचा इतिहास

दहा-बारा वर्षे वापरलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली एखादी छोटी गाडी घ्या. सकाळी किल्ली फिरवली की ‘टक्’ एवढाच आवाज येतो. सेल्फ फिरत नाही. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आहे. सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेवर लावला तर तेथेही १२.६ व्होल्ट. दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो. मालक नवी बॅटरी घेतो, मग सेल्फची मोटर बदलतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच ‘टक्’ ऐकतो. खिशातून गेलेले काही हजार रुपये बाजूला ठेवले, तरी प्रश्न उरतोच : मीटर खोटे बोलत होता काय?

मीटर खरेच बोलत होता. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. हा प्रश्न नीट विचारायला माणूस शिकला तो मोटारगाडीच्या जन्मापूर्वी, तारायंत्राच्या काळात. आणि त्या शिक्षणाचा एक मोठा वर्ग भारतात भरला होता.

डॉ. विल्यम ओ’शॉनेसी याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे पहिले प्रयोग केले. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गाचे काम सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत तारांचे जाळे आग्रा, मुंबई, मद्रास, पेशावरपर्यंत पोहोचले. १८५७ नंतर या तारांचे राजकीय मोल ब्रिटिश सरकारला वेगळे सांगावे लागले नाही. पण तार टाकणे निराळे आणि ती चालू ठेवणे निराळे. पावसाळ्यात चिनीमातीच्या ओल्या निरोधकांवरून प्रवाह खांबांत झिरपे, झाडांच्या फांद्या तारेला टेकत, सांधे गंजत. शेकडो मैलांच्या मार्गावर बिघाड नेमका कोठे आहे हे कळायला माणूस पाठवून खांबामागून खांब तपासायचा, हा एकच उपाय सुरुवातीला होता.

या अंदाजपंचे कारभाराला शिस्त लावणाऱ्यांत लुई श्वेन्डलर या जर्मन विद्युत-अभियंत्याचे नाव अग्रभागी येते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस तो भारतीय तारखात्यात आला. तारमार्गांची नियमित विद्युतचाचणी व्हावी, प्रत्येक मार्गाचा रोध निरोगी अवस्थेत मोजून नोंदवून ठेवावा आणि बिघाड झाल्यावर नवे मोजमाप त्या नोंदीशी ताडून पाहावे, ही त्याची पद्धत. १८७० च्या दशकात त्याने तारमार्गांच्या चाचणीविषयी सविस्तर मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. (याच गृहस्थाच्या खासगी प्राणिसंग्रहातून कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाची सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकातील माणसांना एकाच विषयात राहणे जमत नसे.)

या पद्धतीच्या मुळाशी सॅम्युअल ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडलेला आणि चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ मध्ये लोकप्रिय केलेला रोधसेतू होता. तारेच्या प्रत्येक मैलाला ठरावीक रोध असतो. म्हणून एका टोकाशी बसून मोजलेला रोध हे अंतराचेच माप ठरते. शंभर मैलांच्या मार्गावर तार कोठेतरी जमिनीला पूर्ण टेकली असेल आणि रोध चाळीस मैलांच्या तारेएवढा भरला, तर दुरुस्तीची तुकडी चाळिसाव्या मैलाकडे निघते. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नसे, कारण तार जेथे टेकली आहे त्या जागेचाही स्वतःचा रोध असतो आणि तो पावसाबरोबर बदलतो. म्हणूनच दोन्ही टोकांकडून मोजायचे, चांगल्या तारेला जोडून वळसा पूर्ण करायचा आणि सदोष जागेचा अज्ञात रोध समीकरणातूनच घालवायचा, अशा युक्त्या निघाल्या. त्याच सुमारास, १८६० च्या दशकाच्या आरंभी, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन याने अत्यंत लहान रोध मोजण्याचा मार्ग दाखवला. प्रवाह नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि विभवांतर मोजणाऱ्या तारा वेगळ्या ठेवल्या, की जोडणीचा रोध मोजमापात शिरत नाही. केल्व्हिनची ही गोष्ट लक्षात ठेवावी. ती त्या ‘टक्’ आवाजापाशी पुन्हा येणार आहे.

तारायंत्राने गाडीला आणखी एक देणगी दिली. १८३८ मध्ये कार्ल श्टाइनहाइल याला आढळले, की परतीची दुसरी तार टाकण्याची गरज नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की जमीनच परतीचा मार्ग होते. मोटारगाडीत ही काटकसर लोखंडी सांगाड्याने केली. बॅटरीचे एक टोक बॉडीला जोडले, की प्रत्येक दिव्याला एकच तार पुरते. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा पृथ्वीशी काडीचाही संबंध नसतो, तरी आपल्याकडील प्रत्येक गॅरेजमध्ये त्या जोडणीला ‘अर्थ’च म्हणतात.

सुरुवातीच्या गाड्यांत विजेचे काम फारसे नव्हते. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हँडल मारून चालू करावे लागे. हँडल उलटे फिरून मनगट मोडणे ही त्या काळातील नेहमीची दुखापत होती. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला. केटरिंग आधी रोख-नोंद यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात काम करत असे. यंत्राचा गल्ला उघडणारी छोटी मोटर क्षणभरच चालायची असते, म्हणून तिच्यावर तिच्या नेहमीच्या कुवतीपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्याने तेथे पाहिले होते. सेल्फमागेही हाच विचार आहे. मोटर लहान, काम काही सेकंदांचे आणि प्रवाह प्रचंड. आजही लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह घेतो. गाडीतील इतर कोणतेही उपकरण याच्या जवळपासही जात नाही.

आता ते कोडे सोडवता येते. बॅटरीची काळी तार जेथे इंजिनाला किंवा बॉडीला बोल्टने आवळलेली असते, तेथे गंज चढून ०.०१ ओहम रोध तयार झाला आहे असे समजा. हेडलाइट साधारण ४.६ अँपिअर घेतो. त्या जोडावर ०.०४६ व्होल्ट पडतील. दिव्याच्या उजेडात फरक दिसणारच नाही. सेल्फने १५० अँपिअर मागितले, तर त्याच जोडावर दीड व्होल्ट पडतो. गंज आणखी वाढून रोध ०.०३ ओहम झाला, की तेवढ्या प्रवाहासाठी साडेचार व्होल्ट लागतील. ते दिल्यावर मोटरला पुरेसे उरत नाही, म्हणून तेवढा प्रवाहही वाहत नाही आणि मोटर अडून बसते. किल्ली न फिरवता मोजले, तेव्हा प्रवाहच वाहत नव्हता. आणि प्रवाह नसेल तर ओहमच्या नियमानुसार कितीही गंजलेल्या जोडावर विभवांतर शून्यच असते. म्हणून मीटर सगळीकडे १२.६ दाखवत राहिला.

मग मीटर ओहमवर ठेवून तोच जोड मोजावा काय? त्याचाही उपयोग नाही. साध्या मीटरच्या दोन पिनांच्या तारांचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो; त्यात ०.०१ ओहम बुडून जातो. येथे केल्व्हिनची युक्ती कामी येते. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीच्या शिशावर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवायची आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचे. मोठा प्रवाह सेल्फचा, मोजणारी तार मीटरची, दोन्ही वेगळ्या. मीटरने ०.२ व्होल्टच्या आत दाखवले तर अर्थ ठीक आहे. दीड दाखवला तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष आहेत. एक बोल्ट खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा आवळायचा. अनुभवी वायरमन हेच काम मीटरशिवायही करतो. दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर तो जोडांवरून हात फिरवतो, आणि जो जोड गरम लागतो तो धरतो. १५० अँपिअर आणि दीड व्होल्ट म्हणजे २२५ वॅट. एवढी उष्णता बोटाला कळायला पदवी लागत नाही.

वायरमनच्या हातातील मीटरसुद्धा तारखात्याच्याच घरचा. ब्रिटिश पोस्ट ऑफिसात दुरुस्तीचे काम करणारा डोनाल्ड मॅकेडी प्रवाह, विभवांतर आणि रोध यांसाठी तीन निरनिराळी यंत्रे वाहून कंटाळला, आणि त्या कंटाळ्यातून १९२३ मध्ये ‘अॅव्होमीटर’ बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरे हेच त्याचे नाव. भारतात नाशिकच्या मोटवाने कंपनीच्या मल्टिमीटरांवर महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या अनेक तुकड्या शिकल्या. गॅरेजमध्ये मात्र बराच काळ टेस्ट लॅम्पच राजा होता : एक छोटा बल्ब, एक सुई आणि एक चिमटा. मीटरपेक्षा तो अडाणी खरा, पण त्याच्यात एक गुण आहे. तो स्वतः थोडा प्रवाह ओढतो, त्यामुळे अगदी केसाएवढ्या धाग्यावर टिकलेली तार मीटरला निरोगी भासते, तरी लॅम्पपुढे कधी कधी उघडी पडते.

अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जमान्यात एवढी साधने पुरत. उत्तरपाडा आणि कुर्ला येथे तयार होणाऱ्या या गाड्यांचा संपूर्ण विद्युत-आराखडा एका कागदावर मावे. चेन्नईजवळील पाडी येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएससारख्या कारखान्यांमुळे डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर देशातच मिळू लागले. बॅटरी बसली तर धक्का मारून किंवा हँडल फिरवून गाडी सुरू होई. जुनी गाडी घेणाऱ्याला बिघाडाची भीती वाटे, ती खर्चाची. बिघाड समजणारच नाही ही भीती नव्हती.

ती भीती दोन दिशांनी आली. पहिली पाण्याकडून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत तेच घडले. बुडालेली गाडी वाळवली, धुतली, सुगंधी केली, तरी गालिच्याखालच्या तारांच्या जोडांत शिरलेले पाणी तांब्यावर हिरवा थर चढवत राहते, आणि दोष कित्येक महिन्यांनी, बहुधा पुढच्या मालकाच्या वाट्याला येतो.

दुसरी दिशा संगणकाची. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही संदेशवाहिनी जाहीर केली. आता दाराची काच, इंजिन, ब्रेक यांचे छोटे संगणक पिळलेल्या दोनच तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत दोष-संकेत वाचण्याचा सोळा पिनांचा सामाईक जोड सक्तीचा झाला. भारतात भारत स्टेज-४ च्या काळात ही व्यवस्था आली आणि एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ ने ती अधिक कडक केली. मूळ हेतू प्रदूषण ओळखण्याचा होता. मात्र त्यातून गाडीचे निदान कोणी करायचे, हा वाद उभा राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारगाड्यांचा समावेश आहे.

दोष-संकेत वाचणारे स्वस्त यंत्र आज कोणालाही मिळते, आणि त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वासही ठेवला जातो. यंत्र ‘या संवेदकाकडून येणारे विभवांतर कमी आहे’ एवढेच सांगते. संवेदक बिघडला, तार तुटली की अर्थ गंजला, हे त्याला ठाऊक नसते. तरीही बदलला जातो तो संवेदकच, कारण यंत्राच्या पडद्यावर त्याचे नाव येते आणि बोल्टचे येत नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर तेही यंत्र बहुधा सांगत नाही. तेथे पुन्हा मोजमाप करावे लागते. गाडी कुलूपबंद करून सगळे संगणक झोपेपर्यंत, कधी कधी तासभरसुद्धा, थांबायचे. मग प्रत्येक फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या दोन टोकांतील मिलिव्होल्ट पाहायचे. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती सर्वसाधारण मानतात. तेवढ्याने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभराने उतरेल. बाजारात बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमने अर्धा अँपिअर खाल्ला, तर तीन दिवस पुरे.

आणि ‘कॅन’च्या त्या दोन तारा? त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध जोडलेला असतो, संदेश टोकावर आदळून परतू नये म्हणून. समांतर जोडलेल्या दोन रोधांचे ६० ओहम होतात. बॅटरी सोडवून, सोळा पिनांच्या जोडातील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साध्या मीटरने रोध मोजला, तर अनेक गाड्यांत तो ६० भरतो. शून्याजवळ असेल तर तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. १२० असेल तर वाहिनी मध्येच तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध गेला आहे. निरोगी मार्गाचा आकडा आधी माहीत असणे, नवा आकडा त्याच्याशी ताडणे, मग मार्ग दुभागून कोणता भाग सदोष ते ठरवणे : भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिच्या खात्यात रुळलेली ही रीत त्या सोळा पिनांपाशी रोज वापरली जाते. मीटरवर १२० उमटले, की वायरमन पुढची सीट सरकवतो, गालिचा उचलतो आणि हिरवा पडलेला जोड शोधू लागतो.