जयपूरची हवेली आणि आपला वाडा

जयपूरची कीर्ती मुख्यत्वेकरून त्याच्या रस्त्यांवर उभी आहे. सवाई जयसिंहाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या नगराचा पाया घातला, विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताने आखणीत साहाय्य केले आणि सुमारे १११ फूट रुंदीच्या राजमार्गांनी शहराचे मोठमोठे चौरस पडले, हे सर्वश्रुत आहे. या चौरसांना येथे ‘चौकडी’ म्हणतात.  परंतु त्या चौरसांच्या आत माणसे किती दाटीने राहिली आणि ती दाटी त्यांना सुसह्य कशी झाली, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक शहराचा खरा इतिहास तेथेच आहे.

जयसिंहाने घरांवर घातलेले नियंत्रण मर्यादित होते. बाजारपेठेची दर्शनी बाजू, दुकानांची ओळ आणि तिची उंची यांवर दरबाराचा कटाक्ष असे. त्या ओळीच्या मागे मात्र रस्ते निम्म्यानिम्म्याने अरुंद होत जातात आणि वस्ती व्यवसायांप्रमाणे विभागली जाते. मणिहारांचा रस्ता, ठठेरांचा रस्ता ही नावेच बांगडीवाल्यांची आणि तांबट-कासारांची वस्ती सांगतात. या गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून त्या सदोष ठरवणे योग्य नव्हे. राजपुतान्याच्या उन्हाळ्यात समोरासमोरच्या भिंतींची सावली हाच वाटसरूचा आधार होता.

या गल्ल्यांतील मुख्य घर म्हणजे हवेली. रस्त्याकडे जाड दगडी भिंत, तिच्यावर झरोके व जाळ्या, आणि देवडी ओलांडली की उघड्या आभाळाचा चौक. पुरुषांच्या बैठकीचा चौक बाहेरचा, स्त्रियांचा आतला. चौकाभोवती तीन कमानींचे तिबारे, वर खोल्या आणि त्यावर उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे पडत ती गच्ची. हवा, उजेड, वाळवण, लग्नकार्य, सारे चौकावर अवलंबून. घरे एकमेकांस चिकटली तरी प्रत्येकाचे आभाळ वेगळे राहिले, ही या रचनेची किमया होय.

महाराष्ट्रीयास हे वर्णन वाचताना पुण्याचा वाडा आठवल्यावाचून राहणार नाही. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले. म्हणजे जयपूर आणि पेशव्यांचे पुणे ही जवळजवळ एकाच वयाची. तेथे सागवानी खांबतुळ्या आणि पक्क्या विटा, येथे दगड आणि चुना. तेथे पावसासाठी उतरते छप्पर, येथे सपाट गच्ची. पण चौक दोन्हीकडे तोच. शिवाय आपली माणसे येथे परकी नव्हती. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक आणि टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे दोघेही महाराष्ट्रीय ब्राह्मण. कोटाबाहेर, नाहरगडाच्या पायथ्याशी वसलेल्या ब्रह्मपुरीत पुंडरीकजींच्या नावाची हवेली आहे. तिच्या एका दालनातील भित्तिचित्रे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षित आहेत.

आता दाटीचा हिशेब पाहू. १९०१ च्या जनगणनेत जयपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख ६० हजार होती. जुन्या शहराचे क्षेत्र सुमारे ७१० हेक्टर. ही सारी प्रजा कोटाच्या आत होती असे धरले, तरी चौरस किलोमीटरला साडेबावीस हजार माणसे पडतात. बहुतांशी दुमजली-तिमजली चौकबंद घरांना एवढी वस्ती पेलणे अवघड नव्हते.

घडी विस्कटली ती पुढे. १९४१ साली पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या १९५१ साली २ लाख ९१ हजारांवर गेली. फाळणीने निर्वासित आले, १९४९ साली राजस्थानची राजधानी येथे झाली आणि कचेऱ्यांमागून कारकून आले. एका कुटुंबाच्या हवेलीत अनेक बिऱ्हाडे शिरली. पुण्यात हेच घडत होते. मुंबई राज्यात १९४७ साली आणि राजस्थानात १९५० साली भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. भाडेकरूस निवारा मिळाला, हा त्यांचा मोठा गुण. तथापि जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, वारसांत वाटण्या झाल्या, आणि चौकातच पत्रे टाकून न्हाणी, स्वयंपाकघर, गोदाम उभे राहिले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्यातील नदीकाठचे कित्येक वाडे एका दिवसात नेले; येथील हवेल्या इंचाइंचाने गेल्या.

कोटाबाहेर मिर्झा इस्माइल दिवाण असताना, १९४२ ते १९४६ या काळात, नव्या वसाहती आखल्या गेल्या. सी-स्कीममधला बंगला मोकळी जागा घराबाहेर ठेवतो. हवेली ती घराच्या पोटात ठेवीत असे. निर्वासितांचे आदर्शनगर आणि नोकरवर्गाची सरकारी क्वार्टर्स हीही या बाहेरच्या शहराचीच अंगे. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे दुसरे शहरच अधिक परिचित असते.

२०१९ साली युनेस्कोने कोटाच्या आतील जयपुराला जागतिक वारशाचा मान दिला. त्यामुळे दर्शनी भिंतींकडे लक्ष वेधले गेले, हे इष्टच झाले. पण ज्या चौकामुळे एवढी माणसे एवढ्या थोड्या जागेत माणसासारखी राहू शकली, तो भिंतीमागे असल्याने रस्त्यावरून दिसत नाही. त्यावरचे पत्रे उतरवून तेथील बिऱ्हाडांची सोय कशी लावावी, हे कोडे ना पुण्याने पुरते सोडवले, ना जयपुराने. ते सुटेपर्यंत आपण जपतो आहोत तो बाजार, घर नव्हे.